सल्फा, सल्फेट, सल्फाइट, थायो: गंधकाच्या नावांचा गुंता आणि ‘सल्फर अ‍ॅलर्जी’

प्रश्न थोडक्यात असा: केस पेपरवर लाल शाईने ‘सल्फर अ‍ॅलर्जी’ असे लिहिले आहे. चिठ्ठीत फेरस सल्फेट (लोहाची गोळी), फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून सूज उतरवणारे) आणि साल्ब्युटामॉल सल्फेटचा दम्याचा पंप आहे. यातले काय द्यायचे, काय अडवायचे? आणि सल्फोनामाइड, सल्फोन, सल्फाइट, थायोल, मर्कॅप्टो, त्यात सल्फेटेज, सल्फोट्रान्सफरेज ही विकरांची (एन्झाइमांची) नावे, हे सगळे एकाच घरातले की नुसते आडनावबंधू?

आधी चिठ्ठीचे. फेरस सल्फेट द्या, पंप द्या. फ्युरोसेमाइडही बहुतेक वेळा देता येते, पण त्याआधी रुग्णाला विचारा: ‘त्रास कोणत्या औषधाने झाला आणि नेमके काय झाले?’ उत्तर ‘सेप्ट्रानने (म्हणजे को-ट्रायमोक्झाझोल या सल्फा जंतुनाशकाने) पुरळ आले’ असे असेल तर एक वाट. ‘बेदाणे खाल्ले किंवा वाइन घेतली की दम लागतो’ असे असेल तर दुसरी. ‘कातडी सोलवटली, तोंड आले, डोळे चिकटले, दवाखान्यात ठेवावे लागले’ असे असेल तर तिसरी. केस पेपरवरचा ‘सल्फर’ हा शब्द या तिन्हींपैकी काहीच सांगत नाही.

गंधकाची अ‍ॅलर्जी असा प्रकारच नाही. मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्ले गंधकाची आहेत, म्हणजे अंगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनात गंधक आहे. इन्शुलिनच्या दोन साखळ्या गंधकाच्या दोन पुलांनी एकमेकींना बांधलेल्या आहेत, तिसरा पूल एकाच साखळीत आहे. शरीर रेणूच्या एखाद्या विशिष्ट टोकाला ओळखते आणि त्याच्यावर चवताळते. त्या रेणूत गंधक आहे का, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून नाव वाचताना ‘सल्फ’वर न थांबता पुढची शेपटी वाचायची.

सल्फाइड म्हणजे ऑक्सिजनशिवायचा गंधक. हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड, हरताळ आर्सेनिकचे. पादेलोणाला आणि सडक्या अंड्याला जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. सल्फाइटमध्ये गंधकाभोवती तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. मोरचूद, हिराकस, तुरटी ही सगळी सल्फेटे. सल्फेट म्हणजे गंधकाचा शेवटचा मुक्काम: रक्तात तो कायम असतो, मूत्रपिंडे जास्तीचा बाहेर टाकतात, आणि त्याची अ‍ॅलर्जी होत नाही. औषधाच्या नावामागे लागलेला सल्फेट बहुधा नुसता क्षाराचा अर्धा भाग असतो. मूळ औषध पाण्यात विरघळावे म्हणून जोडलेला. साल्ब्युटामॉल, मॉर्फिन, अ‍ॅट्रोपिन, जेंटामायसिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या सर्वांचे सल्फेट सल्फा अ‍ॅलर्जीवाल्याला चालते.

सल्फेटने घोटाळा होतो तो मात्रेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ औषध १५५ मिलिग्रॅमच असते. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम, तर पाण्याचे सात रेणू धरून बसलेल्या फेरस सल्फेटच्या ३०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ६०. आकडा मोठा दिसला म्हणून गोळी ‘जड’ आहे असे समजू नये. पाकिटावर ‘इलेमेंटल आयर्न’ किती, ते बघावे.

खरी सल्फा

बोलीत ‘सल्फा’ म्हणजे सल्फोनामाइड गटातली जंतुनाशके. बायर कंपनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा गुण दाखवला (नोबेल १९३९), आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की काम करतो तो रंग नव्हे, शरीरात त्यातून सुटणारा बिनरंगाचा सल्फानिलामाइड. तो जंतूंच्या पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लासारखा दिसतो आणि डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज या विकराची जागा अडवतो. जंतूंना फॉलिक आम्ल स्वतः बनवावे लागते, आपण ते अन्नातून घेतो. म्हणून मार जंतूंनाच बसतो.

या रेणूंची दोन टोके लक्षात ठेवा. एका टोकाला बेंझिनच्या कड्यावर मोकळा अमिनो गट असतो, त्याला एन-चार म्हणतात. दुसऱ्या टोकाला, सल्फोनामाइडच्या नायट्रोजनवर, पाच किंवा सहा कोपऱ्यांचे नायट्रोजनी कडे असते, ते एन-एक. लगेच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे हा प्रकार मुख्यतः एन-एकच्या कड्यामुळे. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येणारे पुरळ, ताप, आणि क्वचित कातडी सोलवटणारा स्टीव्हन्स-जॉन्सन आजार, हे एन-चारच्या अमिनो गटाचे काम. यकृतातले सीवायपी २सी९ हे विकर त्या अमिनो गटाचे हायड्रॉक्सिलअमाइन करते, त्यातून नायट्रोसो तयार होतो, आणि हा नायट्रोसो आपल्याच प्रथिनांतल्या सिस्टीनच्या गंधकाला जाऊन चिकटतो. शरीराला ते प्रथिन परके वाटू लागते. म्हणजे औषधातला गंधक निरुपद्रवी, आणि पकडला जातो तो आपल्या घरचा गंधक. ज्यांच्यात एन-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज-२ (औषध निकामी करणारे विकर) मंद चालते किंवा ग्लुटाथायोन (असे तापट रेणू विझवणारा शरीरातला गंधकी रेणू) कमी असते, त्यांना हा त्रास जास्त. एचआयव्हीबाधितांत को-ट्रायमोक्झाझोलचे पुरळ बरेच जास्त दिसते, त्यामागे हेही एक कारण धरले जाते.

आता फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, अ‍ॅसिटाझोलामाइड, ग्लिमेपिराइड, सेलेकॉक्सिब, सुमाट्रिप्टान बघा. सल्फोनामाइडचा तुकडा या सगळ्यांत आहे, पण ती दोन टोके नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की सल्फा जंतुनाशकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना या औषधांची प्रतिक्रिया इतरांपेक्षा जास्त वेळा येते, पण त्यांना पेनिसिलिनचीही तितकी किंवा त्याहून जास्त येते. ज्याचे शरीर अ‍ॅलर्जीला तयारच बसले आहे त्याला कशानेही होते. सल्फोनामाइडचे नाते त्यातून सिद्ध होत नाही.

तरी सरसकट बिनधास्त राहू नका. काही औषधांच्या माहितीपत्रकावर ‘सल्फोनामाइड अ‍ॅलर्जीत देऊ नये’ असे छापलेले असते, सेलेकॉक्सिब त्यातलेच. पर्याय सहज मिळत असेल तर बदलून घेतलेले बरे, कारण पुढे काही झाले तर कागदावर उत्तर द्यावे लागते. सूज चढलेल्या हृदयरुग्णाचे फ्युरोसेमाइड मात्र काउंटरवरून अडवायचे नाही; डॉक्टरांना फोन करून नोंद करायची. पूर्वीची प्रतिक्रिया कातडी सोलवटणारी असेल तर निर्णय सर्वस्वी तज्ज्ञाचा, आणि मूळ औषध पुन्हा ‘थोडे देऊन बघू’ हा प्रयोग कधीच नाही.

खऱ्या अर्थाने अडवायची यादी छोटी आहे. को-ट्रायमोक्झाझोल: साध्या गोळीत सल्फामेथॉक्साझोल ४०० आणि ट्रायमेथोप्रिम ८०, डीएसमध्ये (दुप्पट मात्रेच्या गोळीत) ८०० आणि १६०. हिवतापाची सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन. भाजल्यावर लावायचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. हे हमखास निसटते, कारण ‘मलमच आहे’ म्हणून कोणी विचारत नाही. आणि सांध्यांच्या व आतड्याच्या दाहावरची सल्फासालाझिन. आतड्यातले जंतू तिचे दोन तुकडे करतात, त्यातला एक सल्फापायरिडिन, म्हणजे मोकळ्या अमिनो गटाची खरी सल्फा.

डॅप्सोन मध्येच उभे आहे. कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारात प्रौढाला रोज १०० मिलिग्रॅम मिळणारे हे औषध सल्फोनामाइड नाही, सल्फोन आहे: मध्ये गंधक, दोन्हीकडे बेंझिन, आणि दोन्ही बेंझिनवर मोकळा अमिनो गट. आडनाव वेगळे, पण अंगात तोच अवगुण, तोही दुप्पट. सल्फाने साधे पुरळ आलेल्याला देखरेखीखाली देता येते, गंभीर प्रतिक्रिया असेल तर नाही. सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची तपासणी हवी, नाहीतर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते.

सल्फाइट

ही वेगळी जात. इथे बहुधा अ‍ॅलर्जी नसतेच, दम्याचा झटका असतो. सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आंबट पदार्थात पडले की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि श्वासनलिका आवळतात. फळांच्या स्क्वॅशमध्ये टिकण्यासाठी घालतात ते ‘केएमएस’ म्हणजे हेच. पिवळाधमक रंग यावा म्हणून बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात. काही गुऱ्हाळांत गुळाचा रंग उजळायला हायड्रॉस पावडर वापरतात, ते सोडियम हायड्रोसल्फाइट. पाकिटावर आयएनएस (खाद्यपदार्थात मिसळलेल्या द्रव्याचा क्रमांक) २२० ते २२८ या टप्प्यातला आकडा दिसला तर सल्फाइट समजावे. भारतात किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर लिहिणे बंधनकारक आहे. काळपट गूळ आणि तपकिरी बेदाणे दिसायला गरीब, पण दमेकऱ्यासाठी तेच घ्यावेत.

अ‍ॅड्रेनालिनच्या अँप्यूलमध्येही बऱ्याचदा मेटाबायसल्फाइट असते, औषध हवेने खराब होऊ नये म्हणून. प्राणघातक अ‍ॅलर्जी चालू असताना ‘सल्फाइट चालत नाही’ म्हणून अ‍ॅड्रेनालिन रोखणे ही घोडचूक. ते द्यायचेच. दातांच्या दवाखान्यात मात्र बिनअ‍ॅड्रेनालिनची भूल मागता येते. सल्फाइटवाल्याला सल्फा चालते, सल्फावाल्याला सल्फाइट चालते. एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये.

थायो, मर्कॅप्टो आणि देवनागरीचा सापळा

ग्रीक ‘थेइऑन’ म्हणजे गंधक, त्यावरून थायो. गंधकाला एक हायड्रोजन लटकलेला असला की थायोल. जुने नाव मर्कॅप्टन, लॅटिनमध्ये ‘पाऱ्याला पकडणारा’. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइझे यांनी १८३० च्या दशकात दिलेले. खलात पारा-गंधक घोटून कज्जली करणाऱ्या वैद्याला ही ओढ नवी नाही: चमकता पारा बघता बघता काळ्या भुकटीत नाहीसा होतो. विषबाधेवरची औषधे याच ओढीवर चालतात. आर्सेनिक आणि पाऱ्यावरच्या डायमरकॅप्रोलमध्ये दोन थायोल आहेत, धातूला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायला. हे औषध शेंगदाण्याच्या तेलात असते, स्नायूत खोल टोचतात; तेव्हा इथे प्रश्न सल्फाचा नाही, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा विचारायचा. विल्सनच्या आजारात तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यायचे आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब ठेवायचे, नाहीतर ते तांबे सोडून लोहालाच धरून बसते. कॅप्टोप्रिलही थायोल, गोळीला किंचित गंधकी वास येतो, तो खराब झाल्याचा नव्हे. तोंडाची चव जाणे हा त्याचा त्रास थायोलच्या माथी मारतात.

देवनागरीत लिहिताना इथे पाय घसरतो. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-एक: थायो अधिक अमाइन, गंधक आहे. डीएनएतले थायमिन मात्र थायमस ग्रंथीवरून आलेले, त्यात गंधकाचा मागमूस नाही. इंग्रजीत स्पेलिंग वेगळे, मराठीत एकच. मी जीवनसत्त्वाला ‘थायामिन’ आणि डीएनएच्या घटकाला ‘थायमिन’ लिहावे या मताचा आहे. निदान एका मजकुरात तरी फरक पाळावा. थायरॉइड, थायरॉक्सिन यांचाही थायोशी संबंध नाही, ते ढालीवरून आले. गंमत अशी की थायरॉइड आवरणारी कार्बिमाझोल आणि प्रोपाइलथायोयुरॅसिल ही दोन्ही औषधे मात्र गंधकाची. सल्फाइड-सल्फाइट हा एका अक्षराचा फरक. सल्फोनामाइड-सल्फेनामाइड हा एका मात्रेचा: ओमेप्राझोल जठरपेशीच्या आम्लात सल्फेनामाइड बनते आणि आम्लपंपाच्या सिस्टीनला घट्ट बांधते. म्हणून ती कॅप्सूल नाश्त्याच्या अर्धा तास आधी, न चावता. तिचा सल्फाशी काही संबंध नाही.

विकरांची नावे कशी वाचायची

सल्फोट्रान्सफरेज सल्फेटचा अख्खा गट उचलून दुसऱ्या रेणूवर ठेवते. पॅप्स नावाचा वाहक तो आणून देतो. टक्कलावर लावायच्या मिनॉक्सिडिलमध्ये गंधक नाही, पण केसांच्या मुळाशी हे विकर त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेट करते आणि तेच काम करते. ज्यांच्या टाळूत हे विकर मंद, त्यांना बाटल्या संपवूनही फारसा फरक दिसत नाही.

सल्फेटेज नेमके उलटे, सल्फेट तोडते. स्टेरॉइड सल्फेटेज नसलेल्या मुलग्यांची कातडी खवल्यांसारखी होते. इड्युरोनेट सल्फेटेज नसेल तर हंटर आजार. त्यावर दिले जाणारे इडरसल्फेज हे विकरच आहे. नावात ‘सल्फ’ दिसले म्हणून सल्फाच्या रुग्णाला ते नाकारण्याचे कारण नाही.

सल्फरट्रान्सफरेज हे तिसरे, आणि सल्फोशी त्याची गल्लत सतत होते. हे सल्फेट नव्हे, गंधकाचा एकटा अणू हलवते. रोडनीज त्यातले प्रसिद्ध: सायनाइडला थायोसल्फेटमधला एक गंधक देऊन थायोसायनेट करते. म्हणून सायनाइडच्या विषबाधेत प्रौढाला सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम शिरेतून. विकर अंगात भरपूर असते, तुटवडा कच्च्या मालाचा असतो.

सल्फाइट ऑक्सिडेज खाल्लेल्या आणि शरीरात बनलेल्या सल्फाइटचे सल्फेट करते, त्याला मॉलिब्डेनम लागते. स्वयंपाकघरातले अ‍ॅलिनेज लसूण ठेचल्यावर जागे होते आणि अ‍ॅलिसिन बनवते. तापलेल्या तेलात अख्खी पाकळी टाकली तर विकर आधीच मरते. ठेचून दहा मिनिटे ठेवली तर अ‍ॅलिसिन आधी तयार होते, फोडणी नंतर.

सर्वात जपायचे विकर टीपीएमटी, म्हणजे थायोप्युरिन एस-मिथाइलट्रान्सफरेज. मधला ‘एस’ सांगतो की मिथाइल गट गंधकावरच बसतो. अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे शरीरात सहा-मर्कॅप्टोप्युरिन होते. ते निकामी करणाऱ्या वाटांपैकी एक टीपीएमटी, दुसरी झँथिन ऑक्सिडेज. संधिवाताच्या रुग्णाला कोणी युरिक आम्लासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केले की दुसरी वाट बंद. औषध साचते आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. दोन्ही द्यावीच लागली तर अ‍ॅझाथायोप्रिनची मात्रा पाव ते एक-तृतीयांशावर आणून रक्ताची मोजणी वारंवार. फेब्युक्सोस्टॅटने हा प्रश्न सुटत नाही, तेही तेच विकर अडवते. भारतीयांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ या विकरातला बदल जास्त त्रास देतो. सुरू केल्यावर काही आठवड्यांत केस मूठमूठ गळू लागले तर शांपू बदलायला सांगू नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगा.

शेवटचे, कारण गोंधळ इथेही होतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत ग्लुटाथायोन संपते. ते भरून काढायला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. रूढ पद्धतीत किलोमागे १५० मिलिग्रॅम एका तासात, मग ५० चार तासांत, मग १०० सोळा तासांत, ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून. ६० किलोच्या माणसाला ९, ३ आणि ६ ग्रॅम. २० टक्क्यांच्या द्रावणाचे ४५, १५ आणि ३० मिलिलिटर. अँप्यूल फोडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो, किंचित जांभळट छटा येऊ शकते, फेकू नका. पहिल्या तासात चेहरा लाल होणे, गांधी उठणे, छाती घरघरणे हे वेगाचे दुखणे आहे: थांबवा, अँटिहिस्टामिन द्या, मंद गतीने पुन्हा सुरू करा. यावर ‘सल्फर अ‍ॅलर्जी’ असा शेरा मारून उपचार बंद केला तर यकृत जाते.

केस पेपरवर मग काय लिहायचे? औषधाचे पूर्ण नाव, कितव्या दिवशी, काय झाले, किती दिवस राहिले. उदाहरणार्थ: ‘को-ट्रायमोक्झाझोल डीएस, नवव्या दिवशी अंगभर पुरळ व ताप, तोंड-डोळे ठीक, औषध थांबवल्यावर पाच दिवसांत उतरले. सल्फा जंतुनाशके व सल्फासालाझिन देऊ नये. सल्फेट क्षार चालतात.’ जुना ‘सल्फर’ शब्द एका रेघेने खोडून त्याशेजारी सही आणि तारीख.